अमेरिकेतून मुंबईत कायमचे परतल्यावर तिकडच्या निवृत्ती-उत्पन्नावर कर कसा लागतो?

विलेपार्लेकर
आम्ही उभयता न्यू जर्सीतील दीर्घ वास्तव्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये कायमचे पार्ल्याला परतलो. दोघांचे नागरिकत्व भारतीयच आहे आणि ग्रीन कार्डे परतल्यानंतर रीतसर सुपूर्त केली आहेत. माझे वय ६६, पत्नीचे ६४. उत्पन्नाचे स्रोत चार आहेत: एका जुन्या कंपनीकडून दरमहा मिळणारे छोटे निवृत्तिवेतन, ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातून पारंपरिक आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवलेली आणि अद्याप हात न लावलेली रक्कम, पत्नीचे रॉथ आयआरए (आधीच कर भरलेल्या पैशाचे निवृत्ती खाते), आणि सोशल सिक्युरिटी हे अमेरिकी सरकारचे निवृत्तिवेतन. एका सल्लागाराचे म्हणणे असे पडले की परदेशातले काहीच इथे दाखवायचे नाही. दुसऱ्याने सांगितले की सगळे एकत्र करून ३० टक्क्यांनी कर भरा आणि मोकळे व्हा. दोन्ही उत्तरे मला पटली नाहीत. या विषयातून स्वतः गेलेल्या किंवा व्यवसायाने त्यातल्या असलेल्या मंडळींनी कायद्याच्या आधाराने लिहिल्यास आभारी राहीन.

जमाखर्च
पार्लेकर, दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, कारण दोघांनीही ‘परदेशी पेन्शन’ ही एकच वस्तू मानली आहे. आपले चारही स्रोत कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. मी कलमांचे आणि फॉर्मांचे जुनेच क्रमांक देतो. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचे रिटर्न १९६१ च्या कायद्यानेच भरायचे आहे, आणि लोकांच्या तोंडीही हेच क्रमांक आहेत.

स्रोतांकडे वळण्याआधी आपला निवासी दर्जा ठरवायला हवा. आपण नोव्हेंबरमध्ये परतलात, म्हणजे २०२४-२५ या वर्षातले भारतातले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी भरते. मात्र तेवढ्यावर ते वर्ष अनिवासी ठरत नाही. त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेला माणूसही निवासीच ठरतो, आणि सुट्टीवर येणाऱ्या अनिवासी भारतीयांना या ६० दिवसांच्या अटीतून मिळणारी सवलत कायमचे परतणाऱ्याला मिळते असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पासपोर्टावरचे शिक्के काढून आधीच्या चार वर्षांची बेरीज करा. ती ३६५ च्या आत असेल तर २०२४-२५ हे वर्ष अनिवासी. त्यानंतर, आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेला माणूस ‘निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही’ या वर्गात मोडतो. यालाच आपण आरएनओआर म्हणतो. या हिशेबाने २०२५-२६ आणि २०२६-२७ ही आपली आरएनओआर वर्षे. या वर्षांत परदेशात उद्भवणाऱ्या आणि परदेशातच मिळणाऱ्या उत्पन्नावर, ते भारतातून चालवल्या जाणाऱ्या व्यवसायाचे नसेल तर, भारतात कर नाही. १ एप्रिल २०२७ पासून मात्र जगभरातले उत्पन्न भारताच्या कक्षेत येईल. आपल्या हातात काय उरले आहे हे या तारखेवरून ठरते, म्हणून ती आधी सांगितली.

आता कंपनीचे मासिक निवृत्तिवेतन. भारत-अमेरिका दुहेरी करटाळणी करारातील अनुच्छेद २० नुसार मागील सेवेबद्दल नियतकालिक स्वरूपात मिळणारे खाजगी निवृत्तिवेतन फक्त निवासाच्या देशात, म्हणजे भारतात, करपात्र असते. अमेरिकेत कपात होऊ नये म्हणून देणाऱ्या संस्थेकडे डब्ल्यू-८बीईएन फॉर्म भरून कराराचा लाभ मागावा लागतो. तो न भरल्यास ३० टक्के कापले जातात. २०२७ नंतर हे उत्पन्न इथे ‘पगार’ या शीर्षाखाली येईल, म्हणून नव्या कररचनेत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही मिळेल.

सोशल सिक्युरिटीचे बरोबर उलटे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हे लाभ फक्त देणाऱ्या देशात करपात्र आहेत, म्हणजे भारताला त्यावर कर लावता येत नाही, आपण सर्वसाधारण निवासी झाल्यावरही नाही. अमेरिका मात्र अनिवासी परदेशी व्यक्तीच्या लाभाच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे एकूण २५.५ टक्के, आधीच कापून घेते. भारतात ही रक्कम रिटर्नच्या ईआय अनुसूचीत, करारानुसार करपात्र नसलेले उत्पन्न म्हणून दाखवावी. त्या २५.५ टक्क्यांचे क्रेडिट भारतात मिळत नाही, कारण ज्या उत्पन्नावर इथे कर नाही त्याच्यापोटी वजा करण्यासारखे इथे काही नसते. त्यासाठी फॉर्म ६७, म्हणजे परदेशात भरलेल्या कराच्या क्रेडिटचा फॉर्म, भरणारे लोक मी पाहिले आहेत. पुढे खुलासा करताना त्यांची दमछाक होते.

आयआरए आणि रॉथवर सवडीने लिहितो. खरी गुंतागुंत तिथेच आहे.

ठाणेकर
एवढा खल कशासाठी हे समजले नाही. दुहेरी करटाळणी करार आहे म्हटल्यावर एकदा अमेरिकेत कर कापला गेला की इथे पुन्हा काही देणे लागू नये. माझ्या मेहुण्यांनी इतकी वर्षे असेच केले आहे आणि त्यांना कधी नोटीस आलेली नाही.

जमाखर्च
ठाणेकर, कराराचे काम दोन देशांत हक्क वाटून देण्याचे आहे. काही उत्पन्नांवर एकाच देशाला हक्क, काहींवर दोघांनाही. जिथे दोघांना आहे तिथे आपण भारताच्या दराने कर मोजायचा, त्यातून तिकडे भरलेला कर कलम ९० प्रमाणे वजा करायचा आणि उरलेला फरक इथे भरायचा. भारतातला दर अधिक असेल तर फरक द्यावाच लागतो. शिवाय जे उत्पन्न करारानुसार फक्त भारतात करपात्र होते त्यावर आपण फॉर्म न भरल्यामुळे अमेरिकेत ३० टक्के कापले गेले, तर ‘तुम्ही तिथून परतावा मागायला हवा होता’ असे म्हणून इथला अधिकारी ते क्रेडिट नाकारू शकतो. तेव्हा कर कापला गेला की नाही, याच्याही आधी तो योग्य देशात कापला गेला की नाही हे पाहावे लागते.

नोटिशीबद्दल एवढेच सांगतो की अमेरिकेतील खात्यांची माहिती एफएटीसीए कराराखाली आणि इतर अनेक देशांतील खात्यांची माहिती सीआरएस व्यवस्थेखाली आयकर विभागाकडे आपसूक येते. अलीकडे परदेशी मालमत्ता न दाखवलेल्यांना विभागाकडून आठवणीचे संदेश आणि ईमेल जातात.

मुलुंड_पूर्व
पार्लेकरांनी ग्रीन कार्ड परत केल्याचे लिहिले आहे, त्यावर एक प्रश्न. मागच्या १५ करवर्षांपैकी ८ वर्षे ज्याच्याकडे ग्रीन कार्ड होते, त्याला ते सोडताना फॉर्म ८८५४ (अमेरिकी करव्यवस्थेतून बाहेर पडल्याचे निवेदन) भरावा लागतो. निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा त्याहून अधिक असली, किंवा मागील पाच वर्षांचे कर व्यवस्थित भरल्याचे प्रमाणित केले नाही, तर ‘एक्झिट टॅक्स’चे नियम लागतात, आणि त्यात पारंपरिक आयआरए तर एका दिवसात सगळे काढून घेतले असे मानून कर लावला जातो. फॉर्म राहिला असेल तर अमेरिकेतील सल्लागाराला आजच विचारा. इथल्या कराचा हिशेबही त्यावर अवलंबून आहे.

माझे स्वतःचे प्रकरण वेगळे, कारण मी अमेरिकी नागरिक आहे आणि ओसीआय कार्डावर इथे राहतो. माझ्यासारख्यांना जगात कुठेही राहिले तरी १०४०, म्हणजे अमेरिकेचा आयकर रिटर्नचा फॉर्म, भरावाच लागतो, भारतातील खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर हा परदेशी खात्यांचा अहवाल भरावा लागतो, आणि इथले म्युच्युअल फंड घेतले की ‘पीएफआयसी’ या परदेशी फंडांवरच्या अमेरिकी नियमांखाली असा त्रासदायक कर लागतो की मी ते घेणेच सोडले. एकच गोष्ट सुखाची आहे: सोशल सिक्युरिटीवर मला २५.५ टक्के सरसकट कपात नाही, नेहमीच्या टप्प्यांनी कर लागतो. मध्यम उत्पन्नाच्या माणसाला तो बराच कमी पडतो.

विलेपार्लेकर
८८५४ भरला आहे आणि मालमत्ता त्या मर्यादेच्या बरीच खाली होती, त्यामुळे ती चिंता नाही. पासपोर्टावरची बेरीजही ३६५ च्या आत येते. जमाखर्च यांना विचारायचे ते असे की, आरएनओआरचे हे शेवटचे वर्ष असेल तर ३१ मार्च २०२७ च्या आत आयआरए संपूर्ण रिकामे करून पैसे भारतात आणावेत काय? परिचितांत सगळे हेच सुचवतात.

जमाखर्च
परिचितांचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे तो आयआरएपेक्षा रॉथला अधिक लागू पडतो.

आधी पारंपरिक आयआरए. एका फटक्यात सगळी रक्कम काढली तर भारतात कर नाही हे खरे, पण अमेरिकेच्या बाजूने पाहा. अनुच्छेद २० मध्ये ‘पेन्शन’ची व्याख्याच नियतकालिक रक्कम अशी केलेली आहे. एकरकमी काढलेली मोठी रक्कम त्या व्याख्येत बसत नाही असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि तो मान्य झाला तर अमेरिकेला कर लावण्याचा अधिकार राहतो. खाते सांभाळणाऱ्या कंपन्या बहुधा धोका न पत्करता ३० टक्के कापतात, मग १०४०-एनआर हे अनिवासींचे अमेरिकी रिटर्न भरून परतावा मागत बसायचे. न्यू जर्सीचा राज्यकर मात्र डोक्यातून काढून टाका. १९९६ पासून लागू असलेल्या केंद्रीय कायद्याने कोणत्याही राज्याला राज्याबाहेर राहणाऱ्याच्या ४०१(के) किंवा आयआरएच्या रकमेवर कर लावता येत नाही.

आता २०२७ नंतर ते खाते तसेच ठेवले तर काय होते ते पाहू. पूर्वी अडचण अशी होती की भारत खात्यात दरवर्षी जमा होणाऱ्या वाढीवर त्याच वर्षी कर मागू शकत होता, तर अमेरिका पैसे काढताना मागत होती. वर्षे जुळत नसल्यामुळे क्रेडिट मिळणे दुरापास्त होते. २०२१ च्या वित्त कायद्याने आलेले कलम ८९ए यासाठीच आहे. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश त्याखाली अधिसूचित आहेत. तिथे राहत असताना, भारतात अनिवासी असताना उघडलेल्या निवृत्ती खात्यासाठी फॉर्म १०-ईई रिटर्नच्या मूळ मुदतीच्या आत ऑनलाइन भरला, तर कर पैसे काढण्याच्या वर्षीच लागतो.

बहुतेकांच्या नजरेतून सुटते ते नियम २१एएए मध्ये आहे. जे उत्पन्न उद्भवले त्या वर्षी आपण अनिवासी किंवा आरएनओआर असल्यामुळे भारतात करपात्र नव्हते, ते पुढे काढताना करपात्र रकमेत धरायचे नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आपल्या आयआरएतील ३१ मार्च २०२७ पर्यंतची वाढ वगळून फक्त त्यानंतरची वाढ भारताच्या कक्षेत यावी. म्हणूनच घाईने खाते रिकामे करण्यापेक्षा त्या तारखेचे खात्याचे स्टेटमेंट, मूळ वर्गणीचा तपशील आणि ४०१(के) मधून वळवल्याची कागदपत्रे जपून ठेवणे अधिक मोलाचे आहे.

रॉथ मात्र कलम ८९ए मध्ये बसवणे कठीण आहे. त्या कलमातल्या व्याख्येप्रमाणे खाते असे हवे की ज्यावर त्या देशात दरवर्षी कर लागत नाही, पण पैसे काढताना लागतो. रॉथमधून पात्र रक्कम काढताना अमेरिकेत करच नसतो. म्हणून २०२७ नंतर त्यातला लाभांश आणि विक्रीवरचा नफा दरवर्षी भारतात दाखवावा लागेल अशी तयारी ठेवा. अमेरिकेची करमुक्ती इथे चालत नाही. वहिनींचे वय साडेएकोणसाठच्या पुढे आहे, खाते पाच वर्षांहून जुने असेल तर या वर्षी काढलेल्या रकमेवर दोन्हीकडे कर नाही. काढायचे नसेल तर निदान खात्यातल्या आतच वाढलेले शेअर अथवा फंड मार्चपूर्वी विकून पुन्हा विकत घ्यावेत. रॉथच्या आत त्यावर अमेरिकेत कर नाही, आरएनओआर असल्याने भारतात नाही, आणि पुढचा नफा मोजताना खरेदीची किंमत नवी धरता येते.

बोरिवली_पश्चिम
जमाखर्च यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ८९ए बद्दल इतक्या सहज होकार देऊ नये असे माझे मत आहे. हा पर्याय एकदा निवडला की मागे घेता येत नाही आणि पुढच्या सर्व वर्षांना लागू होतो. शिवाय निवड केलेली व्यक्ती पुढे पुन्हा अनिवासी झाली, तर निवड कधी केलीच नव्हती असे धरून मधल्या सर्व वर्षांच्या वाढीवर कर मोजावा लागतो. मुले तिकडे आहेत, नातवंडांसाठी सहा-सात महिने जाणे होते. अशा घरात हा सापळा ठरू शकतो. तसेच काही सल्लागार काढलेली संपूर्ण रक्कम पेन्शन म्हणून करपात्र धरतात, फक्त वाढ नव्हे. नियम २१एएए चा जमाखर्च यांनी सांगितलेला अर्थ मलाही पटतो, पण मोठी रक्कम असेल तर लेखी मत घेऊनच पुढे जावे.

जमाखर्च
लेखी मताची सूचना अगदी योग्य. नातवंडांच्या मुद्द्यावर मात्र थोडा दिलासा देता येईल. मुंबईत घर करून राहिलेला माणूस सात महिने मुलाकडे जाऊन आला तरी उरलेले पाच महिने भारतातच असतो. हे ६० दिवसांपेक्षा जास्त आहेत आणि आधीच्या चार वर्षांतले ३६५ दिवसही भरलेले असतात, म्हणून तो निवासीच राहतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे, निवृत्त माणसाच्या भेटीला ती नाही. त्यामुळे भीती आहे ती मुलाकडे कायमचे राहायला गेलेल्यांना. एकटेपण आल्यावर तसे होणाऱ्यांची संख्या कमी नाही, हेही मान्य करतो.

दादरची
ब्रिटनहून परतलेल्यांसाठी लिहिते. भारत-ब्रिटन करारात सरकारी सेवेचे निवृत्तिवेतन सोडल्यास इतर निवृत्तिवेतन निवासाच्या देशातच करपात्र आहे. तिकडची कपात थांबवण्यासाठी ब्रिटिश करखात्याकडून ‘एनटी’ (नो टॅक्स) कोड मिळवावा लागतो आणि त्यासाठी भारताच्या आयकर विभागाचे निवास प्रमाणपत्र लागते. फॉर्म १०एफए भरून अर्ज करायचा, प्रमाणपत्र १०एफबी मध्ये मिळते. याला वेळ लागतो, म्हणून निवृत्तिवेतन सुरू होण्याची वाट न पाहता अर्ज करावा.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये निवृत्ती निधीतून करमुक्त मिळणारी २५ टक्के रक्कम भारतीय कायद्यात करमुक्त म्हणून नोंदलेली नाही, म्हणून ती घ्यायचीच असेल तर अनिवासी किंवा आरएनओआर असताना घ्यावी. आणि भारतात राहणाऱ्याचे ब्रिटिश स्टेट पेन्शन गोठते. तिकडे दरवर्षी होणारी वाढ इथे मिळत नाही. लागू झाले त्या दिवशी जितके पौंड होते तितकेच शेवटपर्यंत. आयुष्यभर नॅशनल इन्शुरन्स भरलेल्या माणसाला हे अन्यायाचे वाटते, मला तर वाटतेच.

मुलुंड_पूर्व
आणखी एक विषय, जो कराच्याच पोटात येतो. अमेरिकेत निवासी नसलेल्या परदेशी व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिथल्या मालमत्तेवरच्या इस्टेट टॅक्सची सूट फक्त ६०,००० डॉलर इतकी आहे, आणि भारताशी त्याबाबत करार नाही. अमेरिकी कंपन्यांचे शेअर आयआरएमध्ये असले तरी ते अमेरिकेतलीच मालमत्ता ठरतात. आयआरए वर्षानुवर्षे तसेच ठेवायचे की ठरावीक हप्त्यांनी कमी करत न्यायचे, हे ठरवताना फक्त आयकराचा हिशेब पुरत नाही. हप्त्यांनी काढल्यास रक्कम नियतकालिकही दिसते, हा जोडलाभ.

विलेपार्लेकर
हप्त्यांचा विचार आता पक्का होत चालला आहे. बँकेबद्दल विचारतो. एनआरई खाते (अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते) अजून तसेच आहे, त्यावरचे व्याज करमुक्त धरले तर चालेल ना, आरएनओआर असेपर्यंत?

जमाखर्च
नाही. एनआरई व्याजाची करमुक्ती फेमा या परकीय चलन कायद्यातील निवासी दर्जावर अवलंबून आहे, आयकरातील दर्जावर नाही. कायमचे राहण्याच्या हेतूने परतलेली व्यक्ती फेमाच्या दृष्टीने परतल्यापासूनच निवासी होते. म्हणून बँकेला कळवून ते खाते निवासी खात्यात किंवा आरएफसी या निवासींच्या परकीय चलन खात्यात वळवा. आरएफसी खात्यात डॉलर डॉलरच राहतात, आणि त्यावरचे व्याज आरएनओआर असेपर्यंत करमुक्त आहे. तिकडची खाती बंद करण्याची मात्र सक्ती नाही. परदेशात राहत असताना मिळवलेली मालमत्ता फेमाच्या कलम ६(४) प्रमाणे तशीच ठेवता येते.

रुपयांत रूपांतर करताना गूगलवरचा दर घेऊ नका, स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लागतो. ६० वर्षांवरील निवासी व्यक्तीला, व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर, आगाऊ कर भरावा लागत नाही. वर्षअखेरीनंतर रिटर्नच्या वेळी स्वयंनिर्धारित कर भरला तरी व्याज लागत नाही.

बोरिवली_पश्चिम
परदेशी मालमत्तेच्या एफए अनुसूचीचे राहिले. आरएनओआर असताना ती भरायची नाही, पण २०२७-२८ च्या रिटर्नपासून आयआरए, रॉथ आणि तिकडचे बँक खाते सगळे दाखवावे लागेल, उत्पन्न शून्य असले तरी. न दाखवल्यास काळा पैसा कायदा २०१५ प्रमाणे १० लाख रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे, पण निवृत्ती खाती बहुधा त्याच्या वर असतात.

विलेपार्लेकर
त्या अनुसूचीत आकडे एप्रिल ते मार्च असे द्यायचे काय? अमेरिकेची स्टेटमेंट जानेवारी ते डिसेंबर येतात.

जमाखर्च
एफए अनुसूची कॅलेंडर वर्षाची असते, म्हणून डिसेंबरअखेरची स्टेटमेंट तिथे चालतात. उत्पन्न मात्र एप्रिल ते मार्चच मोजावे लागेल, त्यासाठी महिनावार स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. काही ब्रोकर भारतातला पत्ता दिल्यावर खात्यावर बंधने घालतात आणि मग जुने कागद मिळवणे जिकिरीचे होते, म्हणून हे काम पत्ता बदलण्याआधी उरका.

विलेपार्लेकर
पत्ता अजून बदललेला नाही. उद्यापासून डाउनलोडला बसतो, आणि रॉथमधली खरेदी-विक्री पत्नीशी बोलून जानेवारीत करून टाकतो.